पीएसएच्या वेळी झालं ते पुन्हा नको: एक्सोसोमच्या रक्तचाचणीबद्दल लॅबचालकांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रात पॅथॉलॉजी लॅब आणि कलेक्शन सेंटर चालवणारे सर्व सहकारी,

सप्रेम नमस्कार.

ते चकचकीत माहितीपत्रक एव्हाना तुमच्याही टेबलावर येऊन पडलं असेल. वर निळ्या रंगात तरंगणारे गोळे, खाली साठीतला हसरा गृहस्थ आणि मधोमध ठळक अक्षरांत आश्वासन: प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी आता सुई नको, बायोप्सी नको, फक्त ५ मिली रक्त द्या. (सुईशिवाय ५ मिली रक्त कसं काढायचं, असं विचारल्यावर माझ्याकडे आलेला प्रतिनिधी हसला. बरा मुलगा होता.) त्याने आधी चाचणीचा दर सांगितला, मग त्यातला लॅबचा वाटा सांगितला आणि शेवटी चाचणी काय मोजते त्याकडे वळला. सॅम्पल कोणत्या ट्यूबमध्ये घ्यायचं, हे मी विचारलं. उत्तर आलं, "कोणतीही चालेल मॅडम. प्लेन द्या, ईडीटीए द्या." (प्लेन ट्यूबमध्ये रक्त गोठतं, ईडीटीएच्या ट्यूबमध्ये ते गोठत नाही.)

ज्याला रक्तातले एक्सोसोम मोजायचे आहेत त्याला कोणतीही ट्यूब चालत असेल, तर तो काय मोजतोय हे त्यालाच ठाऊक नाही. पत्र लिहायला बसले ती या उत्तरामुळे. हे विज्ञान बोगस आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. माझी तक्रार आहे ती कच्च्या अवस्थेत ते आपल्या रेटकार्डवर चढवण्याबद्दल, जसं पीएसए या प्रोस्टेटच्या नेहमीच्या रक्तचाचणीच्या वेळी झालं. आणि ते पिकावं म्हणून जिल्ह्या-तालुक्याच्या लॅबना काही करता येतं, ते आपण करत नाही, याबद्दल.

थोडी पार्श्वभूमी, कारण हे पत्र लॅबबाहेरचेही लोक वाचतील. आपल्या बहुतेक सगळ्या पेशी स्वतःच्या आतून बारीक पिशव्या बाहेर टाकत असतात, त्याच एक्सोसोम. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे आपल्या रोजच्या मायक्रोस्कोपखाली दिसायचा प्रश्नच नाही. १९८३ मध्ये मॉन्ट्रियलच्या रोझ जॉनस्टोन आणि सेंट लुईसचे फिलिप स्टाल यांच्या गटांनी वेगवेगळं काम करताना हे पाहिलं की, तांबडी पेशी पक्व होताना तिला नको असलेले ट्रान्सफेरिन रिसेप्टर (लोह आत घ्यायला लागणारी प्रथिनं) अशा पिशव्यांत भरून बाहेर फेकते. पुढची बरीच वर्षं या पिशव्यांना कचरा समजलं गेलं. २००७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या यान लोटवाल यांच्या गटाने त्यांच्यात आरएनए, म्हणजे जनुकांतल्या सूचनांच्या प्रती, सापडल्याचं दाखवलं आणि सगळे खडबडून जागे झाले. प्रोस्टेटचा संबंध तर त्याहून जुना आहे. उप्साला इथले गुन्नार रॉनक्विस्ट यांनी सत्तरच्या दशकातच वीर्यात प्रोस्टेटच्या पेशींनी सोडलेल्या पिशव्या पाहिल्या होत्या.

कर्करोगाच्या पेशीही अशा पिशव्या सोडतात. त्यांत त्या पेशीची प्रथिनं आणि आरएनए असतात, आणि बाहेरच्या आवरणामुळे रक्तातल्या विकरांपासून ते बचावतात. मग रक्त काढायचं, त्यातून प्रोस्टेटच्या पिशव्या वेगळ्या करायच्या आणि आतला मजकूर वाचायचा. कल्पना सुंदर आहे, आणि ती खरी करण्यासाठी जगभर चांगली माणसं राबताहेत.

अडचण रक्तातच आहे. आपण सगळे रोज रक्त हाताळतो, म्हणून ही अडचण आपल्याला मोठमोठ्या संशोधकांपेक्षा कमी कळत नाही. रक्तातल्या पिशव्यांचा मोठा भाग प्लेटलेट आणि तांबड्या पेशींकडून येतो. प्रोस्टेटचा वाटा अगदी किरकोळ, आणि त्यातही कर्करोगाच्या पेशींचा वाटा आणखी लहान. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात आपल्या गावचा एक वारकरी शोधायचा, आणि तोही त्याने कुठली टोपी घातली आहे हे माहीत नसताना, असं ते काम आहे. त्यात भर म्हणजे लायपोप्रोटीन, रक्तातली चरबी वाहून नेणारे कण. त्यांतले व्हीएलडीएलचे कण आकाराने याच पिशव्यांच्या पट्ट्यात बसतात, एचडीएलची घनता त्यांच्या घनतेच्या जवळपास जाते, आणि संख्येने हे कण पिशव्यांच्या कित्येक पटींनी जास्त असतात. कण मोजणाऱ्या यंत्राला यातला फरक कळत नाही. सकाळी तर्रीदार मिसळ खाऊन आलेल्या माणसाचा 'एक्सोसोम काउंट' वाढलेला दिसला, तर त्यात प्रोस्टेटचा काय दोष?

रक्तात मोकळे फिरणारे मायक्रोआरएनए (आरएनएचे आखूड तुकडे) हा आणखी एक गुंता. सिॲटलमधल्या एका गटाने २००८ मध्ये दाखवलं की, पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांच्या सीरममध्ये (गोठलेल्या रक्तातून सुटणाऱ्या द्रवात) एमआयआर-१४१ हा मायक्रोआरएनए वाढलेला असतो, आणि या क्षेत्राला जोर चढला. २०११ मध्ये त्याच वर्तुळातून दुसरा निष्कर्ष आला: रक्तातले बहुतेक मायक्रोआरएनए पिशव्यांत नसतातच, ते आर्गोनॉट-२ या प्रथिनाला चिकटून बाहेरच फिरतात. तेव्हा 'एक्सोसोममधला मायक्रोआरएनए' म्हणून जे विकलं जातं ते खरोखर एक्सोसोममधलं आहे, हे विकणाऱ्याने सिद्ध करायला हवं. सॅम्पल थोडं जरी हिमोलाइझ झालं असेल, म्हणजे त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या असतील, तर तांबड्या पेशीतला एमआयआर-४५१ रिपोर्टभर पसरतो.

आता ट्यूब. प्लेन ट्यूबमध्ये रक्त गोठतं. गोठताना प्लेटलेट फुटतात, चेकाळतात आणि हजारोंनी नव्या पिशव्या सोडतात. म्हणजे रुग्णाच्या शरीरात जे नव्हतं ते आपण आपल्या रॅकवर तयार केलं. म्हणून अशा कामाला प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्तातला द्रव) घ्यावा लागतो, आणि त्यातून प्लेटलेट जवळजवळ पूर्ण काढून टाकावे लागतात. रूढ पद्धतीत सेंट्रिफ्यूज या फिरवणाऱ्या यंत्रात २,५०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या २,५०० पट जोराने) १५ मिनिटं, वरचा थर तळ न ढवळता काढून घ्यायचा, आणि पुन्हा २,५०० जीवर १५ मिनिटं. एवढं झालं की मगच फ्रीझर. थोडे प्लेटलेट राहून गेले आणि सॅम्पल गोठवलं, तर वितळताना ते फुटून पुन्हा तोच घोळ होतो.

आपल्या सेंटरवर काय घडतं ते सांगते. आटपाडीच्या किंवा जतच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी रक्त काढलं जातं. टूर्निकेट, म्हणजे दंडाला बांधलेला पट्टा, सुटायला वेळ लागतो, कारण मुलगा एकटा असतो आणि रांग असते. ट्यूब थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पाकिटाला टेकून बसतात. डबा दुपारच्या एसटीने निघतो आणि संध्याकाळी मिरजेच्या स्टँडवरून आपला माणूस मोटारसायकलने तो आणतो. पीएसएला याने काही होत नाही. सेंटरवरच सीरम वेगळं करून थंड ठेवलं, तर एक दिवस ते सहज तग धरतं. पण ईडीटीएतल्या प्लेटलेटना बर्फ सोसत नाही, थंडीने ते चाळवतात. जो बर्फ आपण चांगुलपणाने घालतो तोच इथे सॅम्पल बिघडवतो. या चाचणीसाठी ट्यूब खोलीच्या तापमानाला, उभी, हिंदकळू न देता ठेवून लवकरात लवकर फिरवायला हवी. आणि फिरवायची कशावर? आपल्यापैकी निम्म्यांच्या सेंट्रिफ्यूजवर फक्त आरपीएमचा (मिनिटाला किती फेरे याचा) खटका आहे. ३,००० आरपीएम म्हणजे किती जी, हे रोटरच्या त्रिज्येवर ठरतं, आणि ती त्रिज्या कुणी शेवटची कधी मोजली होती?

हे सगळं जुळवता येतं. कठीण आहे, अशक्य नाही. या पिशव्यांवर काम करणाऱ्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएसईव्हीने, २०१४, २०१८ आणि २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमधून सॅम्पल कसं घेतलं, कसं ठेवलं, कसं शुद्ध केलं हे सगळं नोंदवायला सांगितलंय. माहितीपत्रकात यातलं एक अक्षर नव्हतं.

'परदेशात तर ही चाचणी चालू आहे' असं प्रतिनिधी सांगतील, आणि ते अर्धसत्य आहे. अमेरिकेत एक्सोसोमवर आधारलेली प्रोस्टेटची जी चाचणी वापरात रुळली, ती लघवीवरची आहे. 'एक्सोडीएक्स प्रोस्टेट'मध्ये लघवीच्या पहिल्या धारेतल्या एक्सोसोममधून ईआरजी, पीसीए३ आणि एसपीडीईएफ या जनुकांचे आरएनए मोजतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पडताळणीत ५१९ पुरुष होते, सगळे पन्नाशीपुढचे, पीएसए २ ते १० च्या संशयाच्या पट्ट्यातले आणि बायोप्सीला आलेले. चाचणीचा आकडा १५.६ च्या खाली असेल तर बायोप्सी नको, असं धरलं असतं तर २७ टक्के बायोप्सी वाचल्या असत्या. निगेटिव्ह आलेल्यांत उच्च दर्जाचा कर्करोग नसण्याची खात्री ९१ टक्के होती. आकडे प्रामाणिक आहेत, म्हणूनच ते माफक आहेत. लघवीत का जमलं, हे उघड आहे: मूत्रमार्ग प्रोस्टेटमधूनच जातो, तिथे प्लेटलेटची गर्दी नाही. रक्ताला ही सोय नाही. २०१९ मध्ये या चाचणीला अमेरिकेच्या एफडीएकडून (औषधं आणि उपकरणांवरच्या नियामकाकडून) 'ब्रेकथ्रू' दर्जा मिळाला. त्याचा अर्थ छाननी लवकर व्हावी एवढाच असतो. ती मान्यता नव्हे. हा शब्द माहितीपत्रकावर दिसला की आपण तेवढं ध्यानात ठेवू.

रक्तातल्या एक्सोसोमना माझ्या मते पहिलं काम मिळेल ते वेगळ्याच जागी: आजार पसरलेल्या रुग्णांत. २०१५ मध्ये मेयो क्लिनिकच्या गटाने प्लाझ्मातल्या पिशव्यांमधले एमआयआर-१२९० आणि एमआयआर-३७५ वाढलेले असतील, तर हार्मोनच्या उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांचं आयुष्य कमी राहतं, असं दाखवलं. २०१७ मध्ये इटलीतल्या पिसाच्या गटाने प्लाझ्मातल्या एक्सोसोममध्ये एआर-व्ही७ शोधला. हे अँड्रोजेन रिसेप्टरचं, म्हणजे पुरुषी हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनाचं, असं तुटकं रूप आहे की ते असलं, तर अबिराटेरोन किंवा एन्झाल्युटामाइड या गोळ्यांचा गुण येण्याची शक्यता फार कमी. अभ्यास छोटे आहेत, पिसाच्या अभ्यासात ३६ रुग्ण होते. पण प्रश्न नेमका आहे, आणि अशा रुग्णाच्या रक्तात कर्करोगाच्या पिशव्याही जास्त असतात. आपल्याकडे अजूनही कितीतरी जण कंबर धरून ऑर्थोपेडिककडे जातात आणि तिथून हाडांत पसरलेला आजार घेऊन युरोसर्जनकडे पोचतात. त्यांच्यापैकी कोणाला महिन्याच्या गोळ्यांचा खर्च वाया जाणार आहे, हे रक्त सांगणार असेल तर मी पहिली त्या चाचणीच्या रांगेत उभी राहीन. शिबिरात धडधाकट माणसांना हीच चाचणी लावणं ही मात्र पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे.

का वेगळी, ते एका हिशेबाने पाहू. आकडे मी समजावण्यापुरते धरलेत. शिबिरात १,००० पुरुष आले आणि त्यांच्यापैकी २० जणांना लक्ष घालण्याजोगा कर्करोग आहे असं समजू. चाचणीची संवेदनशीलता ९० टक्के, विशिष्टता ८० टक्के. कागदावर झकास. ती २० पैकी १८ जणांना पकडेल. आणि आजार नसलेल्या ९८० पैकी १९६ जणांनाही पॉझिटिव्ह ठरवेल. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन घरी गेलेल्या दर १२ माणसांत एकालाच आजार, बाकी ११ जणांना फुकटचा घोर. त्यात बहुतेक छोट्या अभ्यासांत एका बाजूला पसरलेल्या कर्करोगाचे रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला तरुण रक्तदाते असतात. अशी तुलना केली की कुठलीही चाचणी ग्रेट दिसते. खरी परीक्षा त्याच वयाच्या, प्रोस्टेट वाढलेल्या पण कर्करोग नसलेल्या माणसांशी तुलना केल्यावर होते.

पीएसएचं हेच झालं. अमेरिकेत १९८६ मध्ये उपचारांनंतरच्या देखरेखीसाठी ती मंजूर झाली, १९९४ मध्ये निदानाला मदत म्हणून. तिथून ती सरसकट तपासणी कधी बनली हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ४ ही रेघ पक्की मानली गेली. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात कायम ४ किंवा त्याखाली पीएसए असलेल्या २,९५० पुरुषांच्या बायोप्सी केल्या, तर १५ टक्क्यांना कर्करोग निघाला. २००९ मध्ये युरोपच्या अभ्यासात मृत्यू २० टक्क्यांनी घटलेले दिसले, पण एक मृत्यू टाळायला १,४१० जणांची तपासणी आणि ४८ जादा जणांवर उपचार, ही किंमत मोजून. १९७० मध्ये प्रोस्टेटचं प्रतिजन शोधलेले रिचर्ड ॲब्लिन यांनीच २०१० मध्ये सरसकट तपासणीवर जाहीर कोरडे ओढले. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१२ मध्ये ती करूच नका असं सांगितलं, आणि २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयोगटासाठी डॉक्टर आणि रुग्णाने मिळून ठरवावं, इथवर भूमिका आणली. तोवर कितीतरी पुरुष नको असलेल्या शस्त्रक्रियेनंतर डायपर घालून घरी बसले होते.

आपण यातून काय शिकलो? आजही पस्तिशीतल्या मुलाच्या 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये पीएसए असते. पॅकेज छापताना एक ओळ वाढली म्हणून. लघवीला जंतुसंसर्ग आहे, आदल्या दिवशी कॅथेटर काढलाय, फिनास्टराइड हे प्रोस्टेटच्या वाढीवरचं औषध चालू आहे, यातलं काही फॉर्मवर विचारलेलंच नसतं. मग ७.२ चा आकडा ठळक अक्षरांत छापला जातो आणि घरात रडारड सुरू होते. तिथून बायोप्सी, आणि गुदाशयातून घेतलेल्या बायोप्सीत औषधांना न जुमानणारे जंतू रक्तात शिरण्याचा धोका आपल्याकडे नगण्य नाही. एक्सोसोमची चाचणी याच पॅकेजमध्ये आणखी एक ओळ होऊन येणार आहे, फक्त जास्त दराने.

परदेशी रेघ आपल्या माणसांना तशीच लागू पडेल असंही नाही. ईआरजीचंच घ्या. टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी या जनुकांचा जोड २००५ मध्ये मिशिगनच्या गटाने शोधला. गोऱ्या रुग्णांत तो जवळपास निम्म्यांत असतो, चीन-जपानमध्ये बराच कमी. भारतीय अभ्यासांत त्याचं प्रमाण एकसारखं आलेलं नाही. ज्या चाचणीचा एक पाय ईआरजीवर आहे तिची १५.६ ची रेघ इस्लामपूरच्या शेतकऱ्यासाठी कितीला आखायची, हे इथल्या पुरुषांवर अभ्यास केल्याशिवाय कळणार नाही.

कायदा आपल्याला वाचवेल या भरवशावर राहू नका. किट विकायला २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली परवाना लागतो, पण एखाद्या लॅबने आतल्या आत बसवलेल्या चाचणीवर तशी घट्ट चौकट नाही. लॅबच्या दर्जाची एनएबीएल मान्यता ऐच्छिक आहे. अमेरिकेतही अशा चाचण्यांना लगाम घालायचा नियम एफडीएने २०२४ मध्ये केला आणि २०२५ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने तो रद्द केला. आपल्या हातात आहे ती आपली सही. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी रिपोर्टवर पॅथॉलॉजीतल्या पदव्युत्तर डॉक्टरचीच सही हवी, असं सांगितलं, तेव्हा आपण पेढे वाटले होते. ज्या सॅम्पलचा प्रवास आपल्याला ठाऊक नाही आणि ज्या आकड्याचा अर्थ आपण युरोसर्जनला फोनवर समजावू शकत नाही, त्यावर ती सही करायची का? कटच्या (कमिशनच्या) गणिताबद्दल वेगळं लिहीत नाही. आपण सगळे एकाच गावचे आहोत.

पीएसए ६ आलेल्या माणसाला आज काय सांगायचं, याची उत्तरं आपल्याकडे आहेत. लघवीची तपासणी करून संसर्ग असेल तर आधी तो बरा करा, काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा करा, आणि तरी वाढलेलीच असेल तर बायोप्सीआधी एमआरआय. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रिसिजन' अभ्यासात ५०० पुरुष होते. एमआरआय आधी केलेल्यांत २८ टक्क्यांची बायोप्सी टळली, आणि तरीही लक्ष घालण्याजोगे कर्करोग जास्त सापडले, ३८ टक्के विरुद्ध २६ टक्के. एमआरआय मिरजेत, सांगलीत, कोल्हापुरात होतो. प्रोस्टेटचा एमआरआय वाचायला बसलेला हात हवा, त्यासाठी रेडिओलॉजिस्ट मंडळींशी बोलू.

आणि एक्सोसोमसाठी आपण काय करू शकतो? बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव फिरून, माणूस माणूस नोंदवून. आज जग तिचे आकडे वापरतं. याच भागात बायोप्सीला जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाचं, लेखी संमती घेऊन, बायोप्सीच्या आधी प्लाझ्मा आणि लघवी नीट काढून ठेवता येईल. ट्यूबचा प्रकार, रक्त काढल्याची आणि फिरवल्याची वेळ, जीमधला वेग, हिमोलिसिस, शेवटचं जेवण, चालू औषधं, आणि पुढे बायोप्सीचा ग्लीसन (कर्करोग किती आक्रमक आहे याचा आकडा), एवढे रकाने प्रत्येक सॅम्पलसोबत. आपल्या पुरुषांचा असा साठा झाला की परदेशी असो वा देशी, कुठल्याही कंपनीला म्हणता येईल: हे सॅम्पल घ्या, बायोप्सीचे निकाल आमच्याकडे झाकून ठेवलेत, तुमचे आकडे आधी द्या. नॅशनल कॅन्सर ग्रिड हे कर्करोग रुग्णालयांचं जाळं २०१२ पासून आहे, टाटा मेमोरियलकडे ऊतींचा साठा सांभाळायचा अनुभव आहे. दार ठोठवावं लागेल, पण दार आहे.

सेंट्रिफ्यूजच्या रोटरची त्रिज्या मोजणं आणि आरपीएमचं जीमध्ये रूपांतर करून त्याचा कागद यंत्रावर चिकटवणं हे उद्या करता येईल. उणे ८० चा फ्रीझर आपल्यापैकी फारच थोड्यांकडे आहे. सांगली, कोल्हापूर आणि सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विभागप्रमुखांना मी या पत्राची प्रत वेगळी पाठवते आहे. त्यांच्या फ्रीझरचा एक कप्पा आणि त्यांच्या एथिक्स कमिटीची एक बैठक, एवढंच मागितलंय. रकान्यांचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. ज्या लॅबला आणि ज्या युरोसर्जनना यात यायचंय त्यांनी आपापल्या जिल्हा संघटनेच्या सचिवांकडे नाव द्यावं. सुरुवात दिवाळीनंतर करू, उन्हाळ्यात नको, कारण एप्रिलमध्ये जतहून येणारी ट्यूब कुठल्याच पद्धतीने खोलीच्या तापमानाला राहत नाही.

कळावे,
आपली सहकारी,
एक पॅथॉलॉजिस्ट, मिरज